ओरान कुणाचा?

बॅबीनचा कुणावरही विश्वास नव्हता. समुद्रकाठच्या रॉसडू गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे, कारण ती भेदभाव करत नसे. पोस्टमन पत्रं उजेडाला धरून वाचतो, असा तिचा संशय होता. दुकानदार पीटीन तराजूला अंगठा लावतो, असा संशय होता. नवे फादर पापांची कबुली ऐकताना डुलक्या काढतात असं तिला वाटे, म्हणून ती आपली पापं मोठ्याने सांगायची. मग बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी ती ऐकली, म्हणून त्यांच्यावर संशय घ्यायची. शेजारणीने साखर परत केली तर ती बोटाने चाटून बघायची. म्हातारीचा विश्वास पानिपतातच गेला होता म्हणा ना.

हे काही उगाच आलं नव्हतं. ती लहान असताना तिचा बाप बटाट्याच्या काढणीला स्कॉटलंडला गेला, तो गेलाच. पुढच्या महिन्यात येईल, नाताळला येईल, असं आई सांगत राहिली. पोरीने आधी आईवर विश्वास ठेवला, मग ठेवायचा सोडला. ज्याची हमी आई देते तेही खोटं निघतं, तर बाकीच्यांचं काय घ्या.

त्यात रॉसडूची नावांची रीत. तिथे आडनाव फक्त पोस्टमनच्या उपयोगाचं. निम्म्या गावाचं आडनाव एकच, तेव्हा त्या नावाने हाक मारली तर निम्मं गाव वळून बघेल. म्हणून माणसाच्या नावामागे बापाचं नाव आणि त्याच्या मागे आजोबाचं, असं बांधत जातात. लग्न होऊन आलेल्या बाईच्या मागे नवऱ्याचं. आणि ज्या घरात बाप नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, त्या घरच्या पोरांमागे बाईचं नाव लागतं. त्यावर कुणी काही बोलत नाही. नुसतं नाव घेतात, ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. बॅबीनच्या आईचं नाव नोरा. त्यामुळे सगळं बालपण ती ‘बॅबीन नोरा’ होती, आणि प्रत्येक हाकेत तिला बाप पळाल्याचं ऐकू यायचं.

मग बार्टलीशी लग्न झालं. बार्टली म्हणजे त्या किनाऱ्यावरचा सगळ्यांत पट्टीचा खलाशी. तांबड्या शिडांच्या गलबतात जळणाच्या टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, ढेपा भरायच्या आणि जिथे जाळायला काडी मिळत नाही त्या बेटांवर नेऊन विकायच्या, हा त्याचा धंदा. वारा कुठून येणार हे त्याला वाऱ्याच्या आधी कळतं, असं लोक म्हणत. लग्नानंतर पहिल्या सकाळी बॅबीन विहिरीवर गेली तेव्हा कुणीतरी तिला ‘बॅबीन बार्टली’ म्हणून हाक मारली. भरलेल्या दोन बादल्या घेऊन ती घरी आली ती जणू हवेतूनच. त्या एका नावाने तिची सगळी नामुष्की झाकली गेली होती. पुढे बार्टली वारला, त्याला बरीच वर्षं झाली, पण नाव राहिलं होतं, आणि ते ती जपून होती.

म्हणून तिच्या मुलाला, फेस्टीला, पहिला मुलगा झाला तेव्हा नाव काय ठेवायचं हा प्रश्नच तिच्या डोक्यात आला नाही. पहिला मुलगा बापाच्या बापाचा, दुसरा आईच्या बापाचा. यात निवडायचं काय असतं? घरात पुन्हा बार्टली येणार, एवढंच. तिने पांढऱ्या लोकरीचं दुपटं विणून ठेवलं होतं. ऊना, तिची सून, इस्पितळातून बाळाला घेऊन आली. बॅबीनने त्याला त्या दुपट्यात गुंडाळलं आणि वाट बघत बसली, की आता कुणीतरी तोंडाने ते नाव घेईल.

कुणी घेईना. ‘बाळ’ म्हणत, ‘छोटा’ म्हणत, ‘हा गडी’ म्हणत. फेस्टी तर नुसतं ‘तो’ म्हणे. बॅबीनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाप्तिस्म्याआधी नाव घ्यायचं नाही असा जुना संकेत आहे खरा, पण हे दोघं कधीपासून जुने संकेत पाळायला लागले?

मग एके सकाळी सरकारी नर्स बाळाचं वजन करायला आली.

“काय म्हणतोय आमचा ओरान?” ती दारातून आत येता येताच म्हणाली.

“कोण?” बॅबीनने विचारलं.

नर्सने ऊनाकडे पाहिलं. ऊनाने दुपट्याकडे पाहिलं. दुपट्यातला तेवढा कुणाकडेच बघत नव्हता.

“आम्ही तुम्हाला सांगणारच होतो, बॅबीन,” ऊना म्हणाली.

“कधी? त्याच्या लग्नात?”

“फेस्टी सांगेल तुम्हाला.”

फेस्टीने जेवताना सांगितलं, तेही बटाट्याचं साल काढता काढता, जणू त्या सालालाच सांगतोय. “जुनं नाव आहे, आई. आपल्याच भाषेतलं. संताचं आहे.”

“संत ढिगाने आहेत. आजोबा एकच आहे.”

“दोन आहेत,” ऊना हळूच म्हणाली.

“दुसऱ्याचं नाव तरी कुठे ठेवताय? ठेवलं असतं तर निदान कळलं तरी असतं चोर कोण ते!”

फेस्टी उठला. ताटात मासा तसाच राहिला. भांडणाचा वास आला की त्याला होडीचं काम आठवायचं, हे लहानपणापासूनचं. दार लागलं आणि बॅबीनने निकाल देऊन टाकला. फेस्टी तिचा मुलगा, म्हणजे तो निर्दोष. नर्सने चुगली केली पण ती बाहेरची. राहिली कोण? बेटावरून आलेली ही गोड बोलणारी पोरगी. इथेच कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती तडक नॅनकडे गेली. नॅन बार्टलीची बहीण, भिंतीला भिंत लागून घर. नॅनने बातमी ऐकून किटली चुलीवरून उतरवली आणि खाली बसून घेतलं.

“ओरान? हे काय नाव झालं? आपल्यात कोण आहे ओरान?”

“कुणी नाही.”

“मग तिच्यात असणार. नाव काय आभाळातून पडतं होय गं? कुणाचं तरी असतंच. बापाचं नाही, आजाचं नाही, मग…” नॅनने पुढचं वाक्य चहात बुडवलं. “लग्नाआधी ती बेटावर त्या दुकानात होती ना? गिऱ्हाईक काय, सतरा तऱ्हेचं येतं.”

“नॅन!”

“मी कुठे काय म्हटलं? मी दुकान म्हटलं. कान बघितलेस का पोराचे?”

“कान बार्टलीचेच आहेत. बाहेर आलेले.”

“बरं, कान आपले आहेत. निदान कान तरी,” नॅन म्हणाली आणि समाधानाने दुसरा कप ओतला.

त्या दिवसापासून बॅबीनने घरात पाळत सुरू केली. ऊनाला पत्र आलं की ती पाकिटाचं हस्ताक्षर बघायची, बाईचं की बाप्याचं. ऊना आईशी फोनवर बोलायला लागली की हिला नेमकी त्याच खोलीतली धूळ दिसायची. एकदा ऊना फोनवर ‘ओरान’ म्हणाली आणि हसली. हसली! नावात हसण्यासारखं काय असतं, जर त्या नावामागे कुणी हसरा माणूस नसेल तर? बॅबीन फडकं घेऊन तशीच उभी राहिली. पोरीला तोंडावर विचारायचं तिच्या मनात आलं नाही. संशयी माणूस सगळं करतो, विचारत तेवढं नाही, कारण उत्तर मिळालं की काम संपतं.

बाप्तिस्मा रविवारी होता. शुक्रवारी बॅबीनने एक सोडा ब्रेड भाजला, दोन वाळवलेले मासे कागदात बांधले आणि विहिणीला भेटून येते असं सांगून बेटावर निघाली. फेस्टीच्या लग्नानंतर ती एकदाही तिथे गेली नव्हती. बेटावरचे लोक गोड बोलतात हे तिचं कारण पुरेसं होतं. बेटावर नेणाऱ्या तरीवाल्याने नाव विचारलं तेव्हा तिने “कशाला पाहिजे?” म्हणून त्यालाच उलट विचारलं.

ऊनाची आई डेलिया धिप्पाड बाई होती. तिने ब्रेड घेतला, वास घेतला, मासे घेतले, त्यांचाही वास घेतला, आणि बॅबीनला प्रथमच वाटलं की इथे आपल्या तोडीचं कुणीतरी आहे. चहा झाला. हवेबद्दल बोलून झालं. दोघी एकमेकींना एका भिंतीवरच्या दोन मांजरींसारख्या जोखत होत्या.

“तुमच्याकडचं नाव छान आहे हो,” अखेर डेलिया म्हणाली, आणि ‘छान’ म्हणताना तिने नाक ओढलं.

“आमच्याकडचं?”

“ओरान.”

“ते तुमच्याकडचं ना?”

“आमच्याकडचं?” डेलियाने कप खाली ठेवला. “बाई, मी जन्मले त्या आधीपासून या बेटावर एकही ओरान झालेला नाही. थडग्यांवरसुद्धा नाही. मी जाऊन बघून आले! मी आपली समजत होते, तुमच्या बाजूचा कुणीतरी पणजोबा असेल, तुम्ही हट्ट धरला असेल. तशी पोरगी फोनवर हसून टाळते. मला काळजी पुढच्याची. आमच्या माणसाचं नाव दुसऱ्याला तरी ठेवू द्याल की नाही?”

“मी हट्ट धरला?”

“मग काय मी धरला?”

दुसऱ्या कुठल्या बायका हसल्या असत्या. या दोघींना उलट जास्तच भीती वाटली. इतके दिवस निदान चोर तरी समोर होता.

“मग कुणाचं आहे हे नाव?” बॅबीन म्हणाली.

“कुणाचंच नाही दिसतंय.” डेलिया खिडकीकडे बघत म्हणाली, “तुमचा मालक टर्फ घेऊन यायचा ना आमच्या धक्क्याला. मला आठवतो. गलबत असं लावायचा की दगडाला टेकल्याचा आवाज यायचा नाही. बरोबर तुमचा फेस्टी असायचा, एवढासा. ढेपा वर द्यायचा आणि सारखा बापाच्या हाताकडे बघत असायचा. ढेपांकडे नाही, पायाखाली नाही. हाताकडे. आम्ही बायका म्हणायचो, काय पोर आहे, काम शिकतंय बघा.”

बॅबीन कपाच्या तळाशी बघू लागली.

“फेस्टीला विचारलंत का तुम्ही?”

“त्याला काय विचारायचं? तो माझा मुलगा आहे.”

“म्हणूनच म्हटलं,” डेलिया म्हणाली आणि ब्रेड कापायला उठली.

परतीच्या तरीवर वारा होता. लोक आत बसले, बॅबीन बाहेर कठड्याला धरून उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा घातला, हे तिला कळत होतं. पण काखेत हात घालायची तयारी होईना. डेलिया खोटं बोलते, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. बेटावरचे लोक गोड बोलतात, असंही सांगून पाहिलं, पण डेलिया तर मुळीच गोड बोलली नव्हती. सगळी वाट तिला तो धक्का आणि ते पोर दिसत राहिलं, वर बघणारं.

शनिवारी ओहोटीच्या वेळी फेस्टी वाळूवर होडी उपडी घालून तिला डांबर लावत होता. बॅबीन शेवाळ्याच्या खडपावरून जपून उतरत त्याच्याजवळ गेली. तिने ठरवलं होतं की शांतपणे विचारायचं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“तुला कुणी शिकवलं हे?”

“काय?”

“बापाचं नाव टाकायला. एवढा माणूस तो! अजून लोक त्याचं नाव काढतात. आणि पोटचा मुलगा ते आपल्या घरात घेऊ देत नाही. तिनेच ना? ऊनाने?”

“ऊनाला यातलं काही माहीत नाही, आई.” तो ब्रश फिरवत राहिला. “तिला वाटतं मला जुन्या नावांचं वेड आहे. तुम्ही सगळे तिच्याकडे वाकड्या नजरेने बघता आणि ती गप्प बसते, कारण मी तिला सांगितलंय की मी आईशी बोलेन. आणि मी बोललो नाही.”

“मग बोल.”

त्याने ब्रश डब्यात ठेवला.

“नाव ठेवायचं म्हणजे त्या नावाने हाक मारावी लागते. उठता बसता. ‘बार्टली, इकडे ये.’ ‘बार्टली, हे काय केलंस?’ ते माझ्या तोंडून कसं निघेल मला माहीत नाही. त्याच्यासारखंच निघालं तर?”

“तो कडक होता. तेव्हा सगळ्यांचेच बाप कडक होते.”

“हो.”

“समुद्रावर एक चूक झाली तर माणूस जातो. तुला शिकवायलाच तो—”

“आई, घरात समुद्र नव्हता.”

एक समुद्रपक्षी ओरडत त्यांच्या डोक्यावरून गेला. “मी…” बॅबीन म्हणाली.

“तू कोंबड्यांना दाणे टाकायला जायचीस,” फेस्टी म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. “त्याने खुंटीवरचा पट्टा काढला की तू परात घेऊन बाहेर जायचीस. सकाळी दिलेले असले तरी.”

ते खरं होतं. कोंबड्यांची पोटं भरलेली असायची. त्या दाण्यांना शिवायच्यासुद्धा नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या, आणि ती त्यांच्याकडे बघत उभी राहायची, आतला आवाज थांबेपर्यंत. मग आत यायची आणि बटाटे उकडायला ठेवायची. कुणी काही बोलायचं नाही. जेवणं व्हायची. बार्टली जेवताना समुद्रावरच्या गमती सांगायचा, आणि त्या खरंच गमतीच्या असायच्या.

सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या बाईने एका माणसावर कधी संशय घेतला नव्हता. तिथे संशयाची गरजच नव्हती. तिथे तिला माहीत होतं. पोस्टमन आणि पीटीन आणि फादर यांच्या मागे लागलं की माहीत असलेल्या गोष्टीकडे बघायला सवड राहत नाही. ते तिला त्या वाळूवर उभं असताना कळलं आणि तिला इतकी लाज वाटली, की आपल्या मुलाच्या तोंडाकडे तिला बघवेना. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. डांबराने काळे झालेले, बार्टलीसारखेच रुंद हात.

“ओरान कुठून काढलंस?”

“चर्चच्या कॅलेंडरवर होतं. मी इकडच्या म्हाताऱ्यांना विचारून खात्री केली, आपल्यात कुणी नाही. मग ऊनाला तिकडचं विचारलं, तिच्यात कुणी नाही. म्हणून आवडलं. कुणाचंच नाही ते. त्याच्या आधी त्यात कुणी राहून गेलेलं नाही.” त्याने पुन्हा ब्रश घेतला. “गाव काही सोडणार नाही म्हणा. ओरान फेस्टी बार्टली म्हणतीलच. बार्टली मागून येईलच. त्याला माझा इलाज नाही. निदान हाक मारताना पुढे तरी नसेल.”

बॅबीन आली त्या वाटेने परत वर चढली. घरी ऊना बाळाला पाजत बसली होती. बॅबीन तिच्यासमोर बसली. आपण कधी बसलो नव्हतो असं तिच्या ध्यानात आलं. धूळ पुसायला आपण खूपदा आलो होतो.

“एक विचारते. खरं सांग. फेस्टी हात उगारतो का तुझ्यावर?”

ऊना दचकली. “नाही. का?”

“कधीच?”

“कधीच नाही. तो आवाजसुद्धा चढवत नाही, बॅबीन. तो उठून जातो. तुम्हाला माहीत आहे की.”

“हो,” बॅबीन म्हणाली. “आणि उगारला तर मला सांगायचं. मी घरातच असेन. मी कुठे जाणार नाही.”

ऊना तिच्याकडे बघत राहिली. आता संशय घ्यायची पाळी सुनेची होती.

रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपल्यावर बाप्तिस्मा झाला. फादरनी नाव विचारलं, फेस्टीने सांगितलं, पाणी पडलं, आणि ओरानने अशी बोंब ठोकली की मागच्या बाकांवरचे म्हातारे हसले. नॅन हसली नाही. ती काळी टोपी घालून आली होती, जणू भावाला दुसऱ्यांदा पुरायला. “आता तूच बघ,” ती बॅबीनच्या कानाशी म्हणाली, “निदान गावाने तरी त्याचं नाव लावलं पाहिजे.” बॅबीनने पुढे होऊन बाळाला आपल्याकडे घेतलं.

मग सगळे चर्चच्या फाटकाशी जमले. तिथली पद्धत अशी की नव्या बाळाला फाटकाबाहेर न्यायचं ते आजीने, आणि वाटेत म्हाताऱ्या माणसांनी त्याला विचारायचं, तू कुणाचा? उत्तर कडेवर घेणारीने द्यायचं. ते एकदा दिलं की पोराला जन्मभर चिकटतं. तो पुढे बोस्टनला गेला, साहेब झाला, तरी रॉसडूत तो तोच राहतो. गमतीचाच प्रकार, कारण उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

फाटकाशी स्टीफान उभा होता. बार्टलीच्या गलबतावर त्याच्या हाताखाली काम केलेला म्हातारा, काठीला दोन्ही हात टेकून. बार्टलीच्या गोष्टी गावात फिरत त्या याच्याच तोंडून. त्याने दुपटं बोटाने बाजूला केलं आणि कान बघून खूश झाला.

“काय रे खलाशा! कुणाचा तू?”

आणि उत्तराची वाट न बघता तो स्वतःच सांगायला लागला, “ओरान फेस्टी बार्ट—”

“बॅबीन,” बॅबीन म्हणाली.

“काय?”

“ओरान फेस्टी बॅबीन.”

फाटकाशी चालू असलेलं बोलणं बंद पडलं. नॅनचं तोंड उघडं राहिलं. पीटीन दुकानदार उगाच बुटाकडे बघायला लागला. नवरा शेवटपर्यंत घरात होता, गावात मानाचा होता, आणि त्याचीच बायको त्याच्या नातवामागून त्याचं नाव काढून आपलं लावतेय, याचा अर्थ समजायला त्या गावात कुणाला काही सांगावं लागत नाही. लहानपणी ज्या हाकेने ती भिंतीच्या कडेने चालायची, ती हाक आज तिने भर गावासमोर स्वतःहून मागून घेतली होती. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं. फेस्टी दोन पावलांवर उभा होता, त्याच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

स्टीफानने घसा खाकरला. त्याचे डोळे एकदा फेस्टीकडे गेले आणि लगेच खाली आले. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. गलबत लहान असतं, त्याच्यावर कुणापासून काही लपत नाही.

“आणि बार्टलीचं नाव?” तो हळूच म्हणाला.

“ते त्याच्या थडग्याच्या दगडावर आहे,” बॅबीन म्हणाली. “राहू दे तिथेच. तिथे ते कुणाला लागत नाही.”